आंबटशौकीन

आंबटशौकीन हा शब्द ज्या कुणी पहिल्यांदा चावट माणसासाठी वापरला, त्याच्यावर माझा फार दिवसांचा राग आहे. चावटपणाचा आणि आंबटपणाचा संबंध काय? गोडाचा शौक असलेला माणूस खवय्या ठरतो, तिखटाचा शौक असलेला मर्द ठरतो (कोल्हापुरात तर मोठाच मर्द), आणि आंबटाचा शौक असलेला मात्र पडद्याआडून डोकावणारा! मराठी भाषेनं आंबण्यावर हा असा जुना डूख धरलेला आहे. माणूस दमला की त्याचं अंग आंबतं. शेजाऱ्याचं बरं बघवलं नाही की चेहरा आंबट होतो. उत्साहावर पाणी पडलं तर एक वेळ समजू शकतो, पण विरजण पडतं! विरजण पडल्यानं दुधाचं नक्की काय वाईट होतं, हे मला कुणी सांगेल का? दही होतं. दह्याचं ताक होतं, लोणी निघतं, लोण्याचं तूप होतं. ज्या एका चमच्यावर अर्धं स्वयंपाकघर उभं, त्याच्या नावानं आपण बोटं मोडत बसलो आहोत. सगळ्यात मानाचा शब्द काय तो एक 'मुरलेला', आणि तोही आपण लोणच्यापेक्षा पुढाऱ्यांसाठीच जास्त खर्च करतो.

हे भांडण इतकी वर्षं मनातल्या मनात ठेवलं होतं. आता बाहेर काढायचं कारण असं, की आमच्या गंगापूर रोडवर आंबटाला एकाएकी प्रतिष्ठा आली आहे.

गंगापूर रोड म्हणजे अशोक स्तंभापासून निघून केटीएचएम कॉलेज, जेहान सर्कल, आनंदवल्ली, सोमेश्वर असे मुक्काम घेत धरणाकडे जाणारा रस्ता. पूर्वी जिथं मळे होते तिथं आता उंच इमारती आहेत, आणि त्या इमारतींच्या स्वयंपाकघरांतून, ओट्याच्या उजव्या कोपऱ्यात, मिक्सरच्या मागं, काचेच्या बरण्या फसफसत असतात. कुणी चहा आंबवतो, त्याला कोंबुचा म्हणायचं. कुणी कोबी आंबवतो, ती किमची. कुणी मध आणि पाणी, कुणी आलं आणि साखर, कुणी नुसत्या मिरच्या. रविवारी सकाळी जिन्यात भेटलेला माणूस पूर्वी "काय, मंडईत का?" असं विचारायचा. आता विचारतो, "तुमची दुसरी बॅच कुठपर्यंत आली?"

आमच्याच इमारतीत असे एक गृहस्थ आहेत. सातपूरच्या एका कारखान्यात चांगल्या हुद्द्यावर आहेत, स्वभावानं सज्जन आहेत, आणि त्यांच्याबद्दल पुढं जे लिहिणार आहे ते त्यांना तोंडावर सांगून झालेलं आहे. त्यांच्याकडं अकरा बरण्या आहेत. प्रत्येकीवर चिठ्ठी. चिठ्ठीवर तारीख, वेळ, तापमान, मिठाचं प्रमाण, आम्लता आणि बॅच क्रमांक. मुलीच्या पत्रिकेतसुद्धा इतक्या नोंदी नव्हत्या. कोंबुचावर जी जाड साय धरते, म्हणजे जिवाणूंचा आणि यीस्टचा मिळून जो एक लिबलिबीत पापड होतो, तो त्यांनी कुरियरनं मागवला. पैसे देऊन! मी विचारलं, "केवढ्याला?" त्यांनी आकडा सांगितला. त्या पैशांत पूर्वी घरी दुभती शेळी आली असती.

विरजण विकत घ्यायची गोष्ट आमच्या कानांना अजून खटकते. आमच्या लहानपणी विरजण मेलं की (आजी 'मेलं' असंच म्हणे) वाटी घेऊन शेजारी जायचं आणि चमचाभर दही आणायचं. उद्या शेजारणीचं मेलं की ती आपल्याकडं येई. अर्थात कुणाच्या दारात वाटी घेऊन जायचं आणि कुणाच्या नाही, हेही तेव्हा घराघरांत पक्कं ठरलेलं होतं. त्या ठरण्यात गौरवानं सांगण्यासारखं काही नव्हतं. जिवाणूंना जात नसते, वाटीला होती. कुरियरवाला निदान तेवढं विचारत नाही, हा मुद्दा मी त्या गृहस्थांच्या बाजूनं लिहून ठेवतो.

आणि 'मेलं' हा शब्द बघा. आंबणं हे जिवंत गोष्टींचं काम आहे हे लुई पाश्चरनं युरोपातल्या विद्वानांना १८५७ साली सांगितलं, आणि ते पटवून द्यायला त्याला पुढं बरीच वर्षं भांडावं लागलं. आमच्या आजीशी कुणी भांडलं नाही. जे मरतं ते आधी जिवंत असलं पाहिजे एवढं तर्कशास्त्र तिच्या वाटीत होतं.

आता माझं खरं भांडण. या सगळ्याला ते गृहस्थ 'छंद' म्हणतात. पोस्टाची तिकिटं जमवणं हा छंद. पण अन्न आंबवणं हा या घरांत छंद कधी होता? ते काम होतं, आणि ज्यांचं होतं त्यांना रविवारी सुटी नव्हती. कुरडया घ्या. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवशी त्या गव्हाला जो वास सुटतो त्यानं घरातली पुरुषमंडळी नाकाला रुमाल लावून ओसरीवर जात. मग वाटायचे, गाळायचे, चीक रात्रभर निवळू द्यायचा, वरचं पाणी हलक्या हातानं ओतायचं, पहाटे शिजवायचा आणि ऊन तापायच्या आत सोऱ्यातून गच्चीवर घालायच्या. एक दिवस जास्त भिजला तर कुरडई आंबट, कमी भिजला तर ती फुलत नाही. अनारशाचंही तेच. तांदूळ तीन दिवस, पाणी रोज ताजं, मग पीठ, मग गूळ, मग गोळा मुरायला ठेवायचा. आणि एवढं करून अनारसा कढईत 'हसला', म्हणजे फुटून पसरला, तर घरातलं इतर कुणीही हसायचं नाही असा दंडक. नागलीचं पीठ ताकात कालवून रात्री ठेवायचं आणि सकाळी आंबील करायची. आंबोळ्या, धिरडी, जिलबीचं पीठ, सांडगी मिरच्या, कैरीचं लोणचं, लिंबाचं लोणचं. तापमान मोजायला मनगटाची आतली बाजू, आम्लता मोजायला नाक, बॅच क्रमांकाच्या जागी तिथी.

बाईनं केलं तर तो स्वयंपाक. पुरुषानं केलं की प्रयोग. शिवाय प्रयोग झाल्यावर बरण्या कोण घासतं, हा प्रश्न मी त्या गृहस्थांना विचारला तेव्हा त्यांच्या पत्नी आतून "हं, विचारा, विचारा" असं म्हणाल्या.

त्यांच्या सासूबाई त्यांच्याकडंच असतात. वय ऐंशीच्या पुढं. आतल्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून त्या हा सगळा कारभार बघतात. मागं एकदा मिरच्यांच्या बरणीवर पांढरा थर आला. गृहस्थ हादरले. आसाममधून मागवलेली भूत जोलोकिया होती ती! (नंदुरबारला मिरचीचा एवढा मोठा बाजार भरतो, पण जवळची मिरची छंदाला चालत नाही.) त्यांनी थराचे फोटो काढले, परदेशातल्या तिघा तज्ज्ञांना पाठवले, दोन पुस्तकं चाळली. तिसऱ्या दिवशी तज्ज्ञांचं एकमत झालं की हे यीस्ट आहे, त्यानं अपाय नाही, वरचा थर काढा, मिरच्या पाण्याखाली दाबून ठेवा, मीठ वाढवा आणि बरणी गार जागी हलवा. सासूबाई खुर्चीवरून म्हणाल्या, "मी परवाच म्हणणार होते. पण तुम्ही विचारलं नाहीत."

या तीन शब्दांत गंगापूर रोडची सगळी आंबवणूक आली. पन्नास-साठ वर्षं हातानं आणि नाकानं शिकलेली बाई दारात बसलेली असताना माणूस विद्या शिकायला पडद्यात तोंड खुपसून बसतो, कारण पडद्यावरचा माणूस आकडे सांगतो. सासूबाई 'अंदाजानं' म्हणतात. अंदाज म्हणजे न लिहिलेला आकडा, एवढं त्या इंजिनियर माणसाच्या डोक्यात येऊ नये?

आकड्यांशी माझं वैर नाही, हेही इथंच सांगतो. मिरचीच्या सॉसला वजनाच्या दोन-तीन टक्के मीठ लागतं, आणि आम्लता ४.६ च्या खाली उतरली की बोट्युलिझमचा जंतू वाढत नाही, ही माहिती लाखमोलाची आहे. बंद बरणीतल्या त्या विषाला ना वास ना चव, तिथं आजीच्या नाकाचाही इलाज चालत नाही. आजीच्या लोणच्यात मीठ ढीगभर असे म्हणून ती सुटे. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितल्यापासून मोजणं भाग आहे. तेव्हा मीटर ठेवा. फक्त तो घेऊन सासूबाईंच्या खुर्चीपाशी जा आणि त्यांचा अंदाज किती पॉइंट किती निघतो ते लिहून घ्या. ही माहिती कुठल्या पुस्तकात नाही, आणि खुर्ची फार वर्षं भरलेली राहणार नाही.

इथवर भांडण घरातलं होतं. ते सोसायटीत गेलं ऑक्टोबरमध्ये. गृहस्थांनी आल्याचं फसफसतं पेय केलं, साखर शिल्लक असतानाच काचेच्या बाटल्यांत भरलं, बुचं तारेनं आवळली आणि बाटल्या बाल्कनीत ठेवून कारखान्यात गेले. यीस्टला सुटी माहीत नाही. ते साखर खात राहिलं, वायू सोडत राहिलं, आणि ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी तीन वाजता पहिली बाटली फुटली. पाठोपाठ दुसरी. खालच्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक पलंगाखाली गेले. कुणाला लागलं नाही, पण पुढच्या महिन्याच्या सर्वसाधारण सभेत पाण्याची टाकी आणि पार्किंग यांच्या मागोमाग तिसरा विषय आला : 'इमारतीत दारू गाळण्याबाबत'.

"अहो, गाळण्याबाबत कसं?" मी उभा राहून म्हणालो. "आंबवणं वेगळं, गाळणं वेगळं. गाळायला भट्टी लागते."

"शब्दांचे खेळ नकोत," सेक्रेटरी म्हणाले. "त्यात अल्कोहोल होतं की नाही?"

"थोडं होतं. साहेब, तुम्ही रोज रात्री जेवणानंतर द्राक्षासव घेता ना?"

"ते औषध आहे. डॉक्टरांनी सांगितलंय."

"बाटलीवर वाचा. पाच ते दहा टक्के लिहिलेलं असतं. बियरसुद्धा बहुधा त्याच्या आतबाहेरच."

सभेत थोडी शांतता झाली. द्राक्षासव बऱ्याच घरांत होतं. वैद्यलोक आसवं-अरिष्टं करताना त्यात धायटीची फुलं घालतात, त्या फुलांबरोबर यीस्ट येतं आणि काढा आपोआप आंबून मद्यार्क तयार होतो. धायटी आपल्या सह्याद्रीत उगवते. म्हणजे माणसानं कुरियर न करता आंबवण्याची ही केवढी पुरातन सोय! पण तिला वैद्यकाचं सोवळं नेसवलेलं असल्यानं सेक्रेटरी ती चमच्यानं मोजून घेतात आणि तोंड पुसून दारूबंदीवर बोलतात. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हे. इथं तर भांड्यावर मापही छापलेलं आहे.

सेक्रेटरींचं एक मात्र खरं होतं. कायदा त्यांच्या बाजूला होता. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यात मद्याच्या व्याख्येत मद्यार्क असलेले झाडून सगळे द्रव येतात. ती अक्षरशः वाचली तर कोंबुचाच काय, फार पिकलेल्या केळ्यांच्या शिकरणालाही वकील द्यावा लागेल. सर्वोच्च न्यायालयानं १९५१ साली बालसारा खटल्यात औषधं आणि कोलनसारखी प्रसाधनं त्यातून सोडवली. द्राक्षासव सुटलं ते असं. बाकीची व्याख्या शाबूत आहे, आणि परवान्यावाचून मद्य तयार करणं हा गुन्हा आहे. पिण्यासाठीसुद्धा आपल्याकडं परवाना लागतो, आणि तो 'प्रकृती जपण्यासाठी' दिलेला असतो, हा सरकारी विनोद आम्हा लेखकांना अजून जमलेला नाही.

आता हा कायदा गंगापूर रोडवर कसा चालतो ते बघा. याच रस्त्यानं धरणाच्या अंगाला गेलं की द्राक्षांचे मळे आणि वाइनचे कारखाने लागतात. सुलाची पहिली वाइन २००० साली आली, २००१ मध्ये राज्यानं द्राक्षप्रक्रियेचं धोरण केलं, २००५ साली सुलानं पाहुण्यांना चव घ्यायला खास खोली उघडली. आता मुंबई-पुण्याच्या गाड्या शनिवारी रांगेनं येतात. मला त्याचा आनंद आहे. द्राक्षं आमची, आणि कोल्ह्यानं ती आंबट म्हणायच्या आत कुणी तरी त्यांचं काही तरी चांगलं केलं. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकायचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला, तेव्हा वाइन ही दारू नव्हेच असं ठासून सांगितलं गेलं. विरोध झाला, अण्णा हजारे उपोषणाला निघाले, निर्णय बाजूला राहिला. तो वाद तूर्त सोडा. पण वाइन ही द्राक्षाची फळ-प्रक्रिया, शेतकऱ्याचं उत्पन्न, पर्यटनाची शोभा, हे सगळं आपण मान्य केलं.

हाच रस्ता पुढं गिरणाऱ्यावरून हरसूलकडं जातो. तिथं द्राक्षं नाहीत, मोहाची झाडं आहेत. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुलं गळतात, उजाडायच्या आत बाया आणि पोरं टोपल्या घेऊन ती वेचतात, उन्हात घालतात, वाळून ती मनुकांसारखी होतात. त्यांच्या भाकऱ्या होतात, भाजी होते, आणि भिजवून, आंबवून, गाळून दारू होते. लग्नात, देवाला, पाहुण्याला ती लागते. इंग्रजांनी १८७८ चा अबकारी कायदा केला आणि १८९२ साली तर खास मोहाचाच एक कायदा करून ठाणे-कुलाब्याकडं फुलं वेचण्याबाळगण्यावर बंधनं आणली, कारण माणसानं स्वतःच्या झाडाची दारू घरीच केली तर सरकारला महसूल कुठून मिळणार? साहेब गेला, बंधनं राहिली. २०२१ साली राज्यानं फुलं गोळा करण्यावरचे, साठवण्यावरचे निर्बंध उठवले. म्हणजे आता फूल घरात ठेवता येतं. ते पाण्यात पडून आंबलं की पोलीस पाटील.

त्याच सुमाराला शेजारच्या मध्य प्रदेशनं मोहाच्या दारूला वारशाचं मद्य म्हणून बाजारात आणायचं ठरवलं. आदिवासी कुटुंबांना घरच्यापुरती करायची सूट तर तिथं आधीपासून होती. गोव्यानं २०१६ साली फेणीला वारशाचा मान दिला. आपल्याकडं एकाच रस्त्याच्या एका टोकाला आंबलेल्या फळासाठी उंच पायाचे पेले आणि दुसऱ्या टोकाला आंबलेल्या फुलासाठी रिमांड. दोन्हीकडं यीस्ट तेच आणि साखरही तीच. फरक रस्त्याच्या किलोमीटरचा.

यावर मला मालवणीचं उदाहरण देतात. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं दारूनं मेली. ती मेथॅनॉलनं मेली, आणि मेथॅनॉल कारखान्याच्या पिंपातून आलं होतं, फुलातून नाही. चोरून विकायच्या धंद्यात कुणी काय मिसळलं हे कोण तपासणार? उघड्यावर करू दिलं असतं तर निदान नमुना घेता आला असता. दुसरं उदाहरण देतात गडचिरोलीचं, आणि त्याच्यापुढं मी जपून बोलतो. तिथं १९९३ पासून दारूबंदी आहे. ती गावोगावच्या लोकांनी, त्यातही बायांनी, मागून घेतली. नवऱ्याच्या हातची मजुरी भट्टीवर जाताना जिनं पाहिली आहे, तिला मी वारसा-बिरसा सांगायला जाणार नाही. तिनं नको म्हटलं तर नको. पण ते तिनं म्हणायचं. १९९६ च्या पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मादक पदार्थांबाबत बंदी किंवा नियमन करायचा अधिकार दिलेलाच आहे. गावच्या सभेनं ठरवावं आणि कायद्यानं ऐकावं, हे गंगापूर रोडवरून ठरवण्यापेक्षा बरं.

आणि आमच्यासाठी? घरच्यापुरतं, न विकता, नुसतं आंबवलेलं काही माणसानं घरात ठेवलं तर त्याला लिटरचं एक माप ठरवून द्या, आणि ते माप तिसऱ्या मजल्यावर आणि हरसूलच्या झोपडीत एकच असू द्या. बाटल्या मात्र जाड काचेच्या, आणि रोज बुच सैल करून वायू सोडायचा. हे कलम मी प्राध्यापकांच्या वतीनं घालतो.

हे सगळं मी सभेत बोललो. बरंचसं. सेक्रेटरींनी दोनदा घड्याळ दाखवलं. शेवटी मतदान झालं आणि इमारतीत फसफसणारं कोणतंही पेय तयार करू नये असा ठराव तेवीस विरुद्ध दोन मतांनी मंजूर झाला. दोनांतलं एक माझं. दुसरं गृहस्थांचं असणार असं सगळ्यांना वाटलं, पण ते भिडेपोटी तटस्थ राहिले होते. हात वर होता त्यांच्या सासूबाईंचा. फ्लॅट त्यांच्या नावावर आहे.

पुढचा विषय होता एकतीस डिसेंबर. गच्चीवर संगीत, जेवण, मुलांसाठी खेळ. पेयांचं काय, असं कुणी तरी विचारलं. सेक्रेटरी म्हणाले, "आपल्या नाशिकची वाइन ठेवू. चांगल्यातली. जरा दर्जेदार वाटतं." वर्गणी वेगळी घ्यायची ठरली. ठराव एकमतानं मंजूर झाला.